मातीची भिंत, हाताची नक्षी

मेहकरहून मालेगावमार्गे वाशीमकडे जाताना डोणगाव लागते. बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यातील हे मोठे गाव. गेल्या नाताळापूर्वी प्रवासात असताना एका स्नेह्यांच्या आग्रहावरून आम्ही तेथे तासभर थांबलो. त्यांना नुकतेच घरकुल मिळाले होते. दोन खोल्या, सिमेंटचा गिलावा, वर स्लॅब, पुढे हातभर ओटा. भिंतीवर धबधब्याचे चकचकीत चित्र टांगलेले, कपाटावर प्लॅस्टिकची फुले आणि खिडकीला हप्त्याने घेतलेले पडदे. चहा देताना घरच्या सूनबाई संकोचून म्हणाल्या, ‘‘फादर, घर अजून रिकामंच दिसतं. पैसा तर बांधण्यातच संपला. आता कमी खर्चात हे सजवावं तरी कसं?’’

आम्ही उत्तर शोधू लागलो, तोच उंबऱ्याशी बसलेल्या आजी बोलल्या, ‘‘माती व्हती तवा भिंतीले हात लागे, फादर. आता नुसते डोये लागतात.’’

सूनबाई हसल्या, आम्हीही हसलो आणि विषय तेथेच राहिला. आजींचे वाक्य मात्र आमच्याबरोबर प्रवासाला निघाले. आम्ही काही गृहसजावटीचे जाणकार नव्हे. इतिहासाची मात्र आम्हाला जुनी आवड आहे. कमी पैशांत, आपल्या हातांनी, मोजक्या वस्तूंनी घर देखणे कसे करावे, हा प्रश्न आजच्या मासिकांनी शोधून काढलेला नाही. त्याला या प्रदेशात मोठा इतिहास आहे आणि त्या इतिहासातील तीन ठिकाणे डोणगावच्या तीन दिशांना, फार दूर नाहीत, अशी आहेत. उत्तरेस व पश्चिमेस अजिंठ्याचा डोंगर, वायव्येस खानदेशातील फैजपूर आणि पूर्वेस वर्ध्याजवळचे सेवाग्राम. सूनबाईंना त्या दिवशी जे सांगता आले नाही, ते येथे सविस्तर मांडण्याचा आमचा प्रयत्न आहे.

पांढरीचे घर

प्रथम आजींच्या जुन्या घराकडे वळू. वऱ्हाडात गावाच्या दोन जमिनी मानल्या जातात : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची, कपाशीची जमीन. पांढरी म्हणजे वस्तीची. काळी माती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते. तिची भिंत टिकत नाही. म्हणून घराला पांढरी माती. तिच्यात कुटार मिसळून, पाणी घालून, पायांनी तुडवून काही दिवस मुरत ठेवीत. ज्याला मातीची भिंत परवडत नसे, तो पऱ्हाटीचा किंवा तुराटीचा कूड उभारी आणि त्यावर शेणामातीचा गिलावा देई. कपाशी वेचून झाल्यावर शेतात उरलेले जे, तेच घराची भिंत होई. वर लाकडी सरे, त्यावर काटक्या आणि पांढऱ्या मातीचा जाड थर, असे धाबे.

या घरात सजावट म्हणून निराळी वस्तू जवळजवळ नसे, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. भिंतीत दिव्यासाठी देवळी कोरलेली असे आणि तिच्या कडेला बोटांनी ओढलेली महिरप असे. धान्याची कणगी असे आणि तिच्या पोटावर मातीच्या उठावाची वेल असे. एकावर एक चढत जाणारी मडक्यांची उतरंड ही कोठीच होती, आणि घरातील सर्वांत देखणी गोष्टही तीच होती. जुन्या लुगड्यांचे पदर एकावर एक अंथरून धावदोऱ्याने शिवलेली गोधडी दिवसा घडी करून वळकटीवर ठेवीत, तेव्हा तिचे रंग खोलीत दिसत. वस्तू उपयोगाची आणि तिच्यावरील नक्षी हाताची, असा हा हिशेब होता. पाहण्यासाठी वेगळे काही विकत आणण्याची सोय नव्हती आणि बहुधा गरजही भासत नव्हती.

रंगही विकतचे नव्हते, किंवा नाममात्र किमतीचे होते. पांढऱ्यासाठी चुना किंवा पांढरी माती, तांबड्यासाठी गेरू, पिवळ्यासाठी पिवळी माती, काळ्यासाठी दिव्याची काजळी. दिवाळीपूर्वी घर पोतारीत. भिंतीचा खालचा हातभर पट्टा गेरूचा आणि वरचा भाग पांढरा. यात शोभा होती आणि शहाणपणही होते. कारण पाठ टेकून, पाय लागून जो भाग मळतो, तोच गडद रंगाचा. नागपंचमीला भिंतीवर नाग निघे, पाडव्याला अंगणात शेणाच्या गवळणी बसत, पोळ्याला मातीचे बैल होत. पुढच्या सारवणात हे सारे पुसले जाई आणि पुढच्या सणाला पुन्हा उमटे. टिकाऊपणा नक्षीत नव्हता. तो हातात होता. सासूचा हात पाहून सून शिके, आईचा हात पाहून लेक शिके, आणि नक्षी एका घरातून दुसऱ्या घरी लग्न होऊन जाई.

भिंतीचा गिलावा आणि अजिंठा

आता कोणी म्हणेल, की ही तर गरिबाची तडजोड. हिला कला कशी म्हणावी? या शंकेचे उत्तर अजिंठ्याच्या डोंगरात आहे. ही डोंगररांग बुलढाणा जिल्ह्यातूनही जाते. १८१९ साली मद्रास घोडदळातील जॉन स्मिथ नावाच्या अधिकाऱ्याच्या दृष्टीस ही लेणी पडली आणि बाहेरच्या जगाला त्यांची वार्ता कळली. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या-पहिल्या शतकापासून इसवी सनाच्या पाचव्या शतकापर्यंत, मध्ये मोठा खंड पडून, दोन टप्प्यांत हे काम झाले. त्या जगप्रसिद्ध चित्रांखाली काय आहे? लोहयुक्त माती, तीत भाताचा तूस, गवत आणि वनस्पतींचे तंतू कालवून केलेला गिलावा. त्यावर चुन्याचा पातळ हात आणि त्यावर रंग. ते रंग म्हणजे गेरू, पिवळी माती, काजळी, चुना आणि याच काळ्या पाषाणातून मिळणारी हिरवी माती. एक निळा रंग तेवढा दूरदेशीच्या मौल्यवान दगडाचा. बाकी सारी सामग्री आसपासची.

म्हणजे डोणगावच्या आजींची भिंत आणि अजिंठ्याची भिंत यांचे कूळ एकच आहे. कुटार मिसळलेली माती आकसताना फाटत नाही, तंतू तिला धरून ठेवतात, हे ज्ञान लेण्यांतील कारागिरांना होते आणि अक्षर न ओळखणाऱ्या आमच्या आजींनाही होते. अजिंठ्याला राजाश्रय आणि धनिकांचा आश्रय होता, तेथे महान चित्रकारांचे हात लागले, हा भेद आम्ही नाकारीत नाही. पण तो भेद हातांचा आणि सवडीचा आहे, सामग्रीचा नाही.

१९०९ ते १९११ या काळात लेडी हेरिंगहॅम या इंग्रज चित्रकर्तीने अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करविल्या. त्या कामासाठी कलकत्त्याहून जे तरुण आले, त्यांत नंदलाल बोस हे एक होते. लेण्यांच्या अंधारात बसून मातीच्या भिंतीवरील रेषा उतरवून घेणारा हा तरुण पाव शतकानंतर पुन्हा याच प्रदेशात येणार होता, वेगळ्या कामासाठी. त्याआधी मात्र आपण सेवाग्रामास जाऊ.

शंभर रुपयांची मर्यादा

१९३६ साली गांधीजींनी वर्धा शहर सोडून शेगाव नावाच्या लहान खेड्यात राहण्याचे ठरविले. त्या गावाची बरीचशी जमीन जमनालाल बजाज यांच्या मालकीची होती. त्यांना लिहिलेल्या पत्रात गांधीजींनी आपल्या झोपडीसाठी अट घातली : खर्च कमीत कमी व्हावा आणि कोणत्याही परिस्थितीत तो शंभर रुपयांपुढे जाऊ नये. ३० एप्रिल १९३६ रोजी ते तेथे पोहोचले. पुढे या शेगावची पत्रे रेल्वेमार्गावरील मोठ्या शेगावला, म्हणजे आमच्या बुलढाणा जिल्ह्यातील गजानन महाराजांच्या शेगावला जाऊ लागली. घोटाळा टाळण्यासाठी १९४० मध्ये गावाचे नाव सेवाग्राम ठेवण्यात आले. सेवाग्राम या नावामागे अशा रीतीने बुलढाणा जिल्ह्याचाही अजाणता हातभार आहे.

गांधीजींच्या आधी तेथे जाऊन राहिलेली व्यक्ती म्हणजे मीराबेन. मूळ नाव मॅडलीन स्लेड, जन्म १८९२, इंग्लंडच्या नौदलातील एका अ‍ॅडमिरलची कन्या. रोमां रोलां यांच्या संगतीत तिला गांधीजींचा परिचय झाला आणि १९२५ च्या नोव्हेंबरात ती साबरमतीला आली. बीथोवनच्या संगीताने भारलेली, गालिचे व पियानो असलेल्या दिवाणखान्यात वाढलेली ही स्त्री वऱ्हाडाच्या शेजारच्या एका खेड्यात मातीची झोपडी बांधून राहू लागली. आज ‘बापू कुटी’ म्हणून जी दाखविली जाते, ती मुळात तिची झोपडी. पहिल्या निवासात, ज्याला आदी निवास म्हणतात, गर्दी वाढली. तेव्हा गांधीजी या झोपडीत राहावयास आले आणि त्यांच्यासाठी ती वाढविण्यात आली.

बापू कुटी पाहिलेल्या आमच्या वाचकांस तेथील भिंत आठवत असेल. बांबू, लाकूड, माती, वर गावठी कौले. जमीन शेणाने सारवलेली, बसावयास चटई, लिहावयास बुटके मेज. कोठे एक तसबीर नाही. पण भिंत मुकी नाही. मीराबेनने ओल्या मातीच्या उठावात तिच्यावर ताडाची झाडे काढली आहेत, चरखा काढला आहे, ॐ काढला आहे. वेगळा रंग दिलेला नाही. भिंतीचीच माती भिंतीवर चढवून हाताने गुळगुळीत केलेली आहे. दुपारचे ऊन तिरके आले म्हणजे उठावाची सावली पडते आणि झाडे दिसू लागतात. चौकट नाही, खिळा नाही, काच नाही. खर्चाच्या वहीत नोंदवावे असे काहीच नाही.

येथे आम्हास एक गोष्ट महत्त्वाची वाटते. ज्या घरात प्रत्येक पैचा हिशेब होता आणि जेथे अनावश्यक वस्तूला जागा नव्हती, त्या घरातही भिंतीवर झाडे उमटली आणि त्या घराच्या धन्याने ती राहू दिली. साधेपणाचा अर्थ उजाडपणा असा त्याने केला नाही. वस्तू कमी कराव्यात, पण हाताला आणि डोळ्याला उपाशी ठेवू नये, अशी ही समजूत दिसते. आणि ही नक्षी काढणाऱ्या परदेशी स्त्रीने ती आपल्या देशातून आणली नाही. मातीच्या उठावाची ही रीत वऱ्हाडातल्या, कच्छमधल्या, छत्तीसगडमधल्या बाया कणग्यांवर आणि भिंतींवर पूर्वीपासून वापरीत आल्या होत्या.

फैजपूरचा मंडप

याच वर्षाच्या शेवटी, डिसेंबर १९३६ मध्ये, खानदेशातील फैजपूर येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. त्यापूर्वीची सारी अधिवेशने शहरांत झाली होती; खेड्यात भरलेले हे पहिले. अध्यक्ष पंडित नेहरू होते. शंकरराव देव, धनाजी नाना चौधरी आदी कार्यकर्ते राबत होते आणि साने गुरुजी खेडोपाडी हिंडत होते. अधिवेशनाच्या नगराला ‘टिळकनगर’ असे नाव होते. ते उभारण्याचे व सजविण्याचे काम गांधीजींनी नंदलाल बोस यांच्यावर सोपविले. एव्हाना ते शांतिनिकेतनातील कलाभवनाचे प्रमुख होते. आपण चित्रकार आहोत, बांधकामातले आपणास काय कळते, अशी शंका त्यांनी प्रकट केली. पण गांधीजींनी ती मानली नाही.

नंदलालांपुढे प्रश्न तोच होता, जो डोणगावच्या सूनबाईंनी आम्हास विचारला : कमी पैशांत सजवावे कसे? फक्त त्यांना एक घर नव्हे, एक नगर सजवावयाचे होते. त्यांनी आसपासच्या गावांत काय मिळते ते पाहिले. बांबू, गवत, तट्टे, चटया, टोपल्या, सुतळी, मातीची मडकी. शहरातून कापडी पताका व झगमगीत कमानी मागविण्याऐवजी त्यांनी या सामग्रीचीच प्रवेशद्वारे आणि मंडप रचले. अध्यक्षांची मिरवणूक बैलांनी ओढलेल्या रथातून निघाली आणि तो रथही त्यांच्याच नजरेखाली सजला. स्थापत्यविशारद म्हात्रे यांचे साहाय्य त्यांना होते. २५ डिसेंबर रोजी, म्हणजे नेमक्या नाताळच्या दिवशी, प्रदर्शनाच्या मैदानावर बोलताना गांधीजींनी या दोघांना मुद्दाम श्रेय दिले. स्थानिक साधनांतून आणि स्थानिक कारागिरांच्या हातांतून हे घडले, याचे त्यांना विशेष होते.

अधिवेशन संपले, मंडप उतरला. बांबू बांबूच्या कामी गेला असेल आणि मडक्यांतून पाणी भरले गेले असेल. त्या सजावटीपैकी आज काही उरलेले नाही, पण त्या सजावटीचा कचराही झाला नाही. आज आपल्या सण-समारंभानंतर रस्त्याच्या कडेला थर्मोकोलचे व प्लॅस्टिकचे जे ढीग पडतात, ते पाहताना या गोष्टीचे मोल कळते.

दोन वर्षांच्या आत, फेब्रुवारी १९३८ मध्ये, गुजरातेतील हरिपुरा अधिवेशनासाठी नंदलालांनी खेड्यातील जीवनाची चित्रफलके रंगविली. हातकागद, मातीचे रंग आणि विषय रोजचे : धान्य कांडणारी बाई, मृदंग वाजविणारा, शिवणारा शिंपी, नांगरणारा शेतकरी. ऐंशीहून अधिक फलके त्यांनी स्वतः काढली आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी त्यांवरून आणखी शेकडो केली. ती दालनात न ठेवता वाटेवर, मंडपाच्या बाहेर लावली, म्हणजे येणाजाणाऱ्या शेतकऱ्याने आपलेच चित्र पाहावे. भारतीय संविधानाच्या हस्तलिखिताची पाने सजविण्याचे कामही पुढे याच नंदलालांकडे आणि त्यांच्या शिष्यांकडे गेले.

त्यांच्या शिष्यमंडळात एक नाव आपल्या समाजाचे आहे. आंजेलो दा फोन्सेका, जन्म १९०२, गोव्यातील सांत इस्तेव्हचे. वैद्यकीचा अभ्यास सोडून ते चित्रकलेकडे वळले, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून ते शांतिनिकेतनास गेले आणि अवनींद्रनाथ ठाकूर व नंदलाल यांच्याजवळ शिकले. पुढे पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून त्यांनी साडी नेसलेली मरिया आणि भारतीय घरात वावरणारा येशू रंगविला. त्यांच्या चित्रांत बहुधा महाल नसतो. असतो तो ओटा, समई, मातीची घागर. त्या काळी गोव्यातील अनेकांना हे रुचले नाही. फादर हेन्री हेरास यांच्यासारख्या काहींनी मात्र पाठिंबा दिला. १९६७ साली फोन्सेका निवर्तले. परदेशी छापील चित्रे चौकटीत बसवून घराघरांत लावणाऱ्या आपल्या समाजाला, देव मातीच्या घरातही शोभतो, हे त्यांनी रंगांतून सांगितले.

वास्तविक हे आपल्यासाठी नवे नसावे. १२२३ साली संत फ्रान्सिसने ग्रेच्यो गावी नाताळचा पहिला देखावा मांडला, तेव्हा त्यात गवत, एक गव्हाण, बैल आणि गाढव एवढेच होते. आज आपण दुकानातून आणतो तो गोठा मूळचा असा बिनखर्चाचा आहे.

दुसरी बाजू

येथवर वाचून कोणी असा समज करून घेईल, की आम्ही मातीच्या घरांचे गोडवे गात आहोत आणि गरिबाने सिमेंटचे घर बांधू नये असे सुचवीत आहोत. तसे नाही. मातीच्या भिंतीत उंदीर-घुशी पोखरतात, भेगांत विंचू असतात, मोठ्या पावसात धाबे गळते आणि कधी खोली बसते. खुद्द गांधीजींना शेगावी आल्यावर काही महिन्यांतच हिवतापाने गाठले. आणि मुख्य म्हणजे ते सारवण! आठवड्याला जमीन, सणाला भिंत, पावसाळ्यानंतर सगळे घर. हे श्रम कोणाचे? बाईचे. शेतातून येऊन, पाणी शेंदून, स्वयंपाक उरकून तिने ते करावयाचे. तिच्या कंबरेच्या दुखण्यावर आपण कलेचे लेबल चिकटवू लागलो, तर तो अन्याय होईल. घरकुलाची भिंत सारवावी लागत नाही, यात डोणगावच्या सूनबाईंची सुटका आहे आणि तिचा आम्हास आनंदच आहे.

१९८५ पासून इंदिरा आवास योजनेने आणि २०१६ पासून प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण शाखेने हे पक्के छप्पर पुष्कळांना दिले. २०१६ च्या या योजनेत मैदानी भागातील घरासाठी १ लाख २० हजार रुपयांचे साहाय्य आणि निदान २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २७० चौरस फूट जागा, असे प्रमाण ठरले. तेवढ्यात घर उभे राहते आणि बहुतेक कुटुंबांना पदरचेही घालावे लागते. म्हणूनच सजावटीसाठी हप्ता काढावा लागणे ही साधी गोष्ट नाही. घर रिकामे दिसते ही लाज त्या कुटुंबाला कोणी शिकविली, हा आमचा प्रश्न आहे. त्याच आकाराच्या, त्याहून रिकाम्या खोलीला मोठ्या शहरांत ‘साधी राहणी’ म्हणून नावाजतात. तेथे मातीचा गिलावा देणारे कारागीर बोलावून भारी मजुरी देतात आणि गोधडी दुकानात टांगून विकतात. तीच वस्तू गरिबाकडे असली की मागासलेपण आणि श्रीमंताकडे गेली की अभिरुची! वारली चित्रांचेही असेच झाले. लग्नघरी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सवाशिणींनी काढावयाचा चौक १९७० नंतर कागदावर आला, जिव्या सोमा म्हसे यांच्या हातून जगभर गेला आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. हा सन्मान रास्तच होता. पण ज्या झोपड्यांच्या भिंतींवरून ती चित्रे आली, त्या झोपड्यांतील माणसांना आपल्याच भिंतीचा संकोच वाटावा, हे रास्त नाही.

हा संकोच शिकविणाऱ्यांत आम्हीही आहोत, हे येथे सांगितले पाहिजे. पंचवीस-एक वर्षांपूर्वी आम्ही नव्या उमेदीने एका लहान खेड्यात काम करीत होतो. तेथे मातीच्या भिंतींचे प्रार्थनाघर होते. नाताळ व ईस्टरच्या आधी गावातील बाया जमत, भिंती पोतारीत आणि वेदीच्या मागे मातीच्या उठावाने द्राक्षवेल काढीत. द्राक्षे त्यांनी पाहिली नव्हती. त्या वेलीला कपाशीची बोंडे असत. आम्हास ते ओबडधोबड वाटे. देणगी मिळताच आम्ही सिमेंटचा गिलावा करविला, फिकट निळा ऑईलपेंट लावविला आणि छापील चित्र चौकटीत बसविले. बायांनी तक्रार केली नाही. सुंदर झाले म्हणाल्या. पुढच्या नाताळाआधी आम्ही त्यांची वाट पाहिली. कोणी आले नाही. येऊन करावयाचे काय होते? पक्की भिंत हवीच होती. पण वेदीमागची ती चार हात जागा आम्ही त्यांच्या हातांसाठी ठेवावयास हवी होती. ते आम्हास सुचले नाही, आणि त्यांनी आमच्या मानामुळे सुचविले नाही.

सूनबाईंना उत्तर

म्हणून सूनबाई, तुमच्या प्रश्नाचे उत्तर आता देतो. घर रिकामे आहे ही उणीव नव्हे. २७० चौरस फुटांत माणसे वावरावयाची आहेत. मोकळी जमीन ही तेथली पहिली शोभा. सगळे घर सारवू नका, ते दिवस गेले. एकच जागा निवडा. दारालगतची भिंत किंवा ओट्याची कड. ऑईलपेंटवर माती धरत नाही. पण नुसता गिलावा असेल तर चुन्याचा हात बसतो, आणि गेरूत थोडा डिंक मिसळला तर हाताला रंग लागत नाही. खाली गेरूचा पट्टा, वर चुना, एवढ्याने खोलीचे रूप पालटते. मातीचा उठाव हवा असेल तर फळकुटावर किंवा जुन्या सुपावर करा. चाळलेली माती, शेण व बारीक कुटार कालवून दोन दिवस मुरू द्या, पातळ थर द्या, सावलीत वाळवा. भेग पडली तर ओल्या बोटाने बुजवा. जुन्या लुगड्यांची गोधडी पेटीत ठेवू नका, खाटेवर घाला. नाताळचा तारा बांबूच्या कामट्यांचा आणि पतंगी कागदाचा करा. मुलांना कामट्या तासू द्या, एखादी वाकडी झाली तरी चालेल.

आणि हे सारे तुम्ही एकट्याने करू नका. घरधन्याने चुना कालवावा, मुलांनी माती चाळावी, आणि नक्षी आजींना विचारावी. श्रम वाटले गेले तर ते ओझे होत नाही.

१९७८ च्या जानेवारीत इव्हान इलिच सेवाग्रामास आले होते. व्हिएन्नात जन्मलेले हे विचारवंत एके काळी कॅथलिक धर्मगुरू होते. बापू कुटीत बसून त्यांनी जे विचार मांडले, त्यांचा आशय असा, की सामान ठेवण्याची जागा निराळी आणि माणसांचे घर निराळे. वस्तूंवर आपण जितके विसंबतो, तितके आपल्या हातापायांचे बळ कमी होते. इलिच यांची सारी मते आम्हास पटतात असे नाही. परंतु येथे ते आणि डोणगावच्या आजी एकच गोष्ट सांगत आहेत, आणि आजींनी ती थोडक्यात सांगितली आहे.

निघताना आम्ही ओट्याकडे पाहिले होते. सिमेंटच्या ओट्याखाली, अंगणाच्या बाजूला, वीतभर जागा मातीचीच राहिली होती. ती ताजी सारवलेली होती आणि बोटांच्या कमानी ओळीने उमटल्या होत्या. हे कोणी केले, असे आम्ही विचारले नाही. आजींनी हात पदराखाली घेतले होते.